छातीवर बांधलेले हात

अब्बा,

काल दुपारच्या एस.टी.ने तुमची पत्र्याची पेटी जळगावला आली. गावापासून सावद्यापर्यंत केळीच्या ट्रॅक्टरवर फुकट, सावद्याहून एस.टी.चं भाडं दोन रुपये दहा पैसे, आणि स्टँडवरून घरापर्यंत हमालाने रुपया मागितला तो बारा आण्यांवर आला. आत तुमचा एका दांडीचा चष्मा, दोन टोप्या, शाळेच्या हजेरीपटाचे उरलेले कोरे कागद, सुतळीने बांधलेले पेन्सिलींचे तुकडे, आणि खाकी कव्हर घातलेलं नमाजच्या मसल्यांचं, म्हणजे नियमांचं, पुस्तक, जे तुम्ही फडताळाच्या वरच्या खणात ठेवायचात आणि आम्हाला हात लावू द्यायचा नाहीत. सगळ्यावर केळीची एक फणी. ती तुमच्या धाकट्याने आपल्या मनाने ठेवलेली, तिचे पैसे त्याने कळवले नाहीत. निम्मी दबून काळी पडली होती, ती आज गूळ घालून शिजवली. हे पत्र मी तुमच्याच हजेरीच्या कागदांवर लिहिते आहे. पिवळे पडलेत, पण शाई धरतात.

पेटी पाठवली ती धाकट्याने. तुम्हाला जाऊन तेरा वर्षं झाली, त्याला घर सोडून सतरा. गेल्या महिन्यात तो धुळ्याहून गावी आला, तुमच्या घराचं गंजलेलं कुलूप तोडलं, खोल्या झाडल्या. त्याला आता तिथेच राहायचं आहे. विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायला तो धुळ्याच्या कारखान्यात शिकला, आणि आपल्याकडे केळीच्या बागा वाढल्या तशा मोटारीही वाढल्या, पोट निघेल म्हणतो. मशिदीच्या पंचांनी नाही म्हटलेलं नाही. पण अट घातली आहे. येत्या जुम्याला नमाज झाल्यावर सगळ्यांसमोर उभं राहायचं आणि त्या वेळी काय झालं, कोणाच्या शिकवणीने झालं, ते तोंडाने सांगायचं. त्याने कबूल केलं आहे. आज मंगळवार. तो जे सांगणार आहे ते त्याने चिठ्ठीत लिहून कळवलं, आणि ती चिठ्ठी वाचल्यापासून माझं कशात लक्ष नाही, कारण त्यातली एक गोष्ट खरी नाही आणि ती त्याला मी दिलेली आहे. ती शुक्रवारी मशिदीत बोलली जायच्या आधी मला तुम्हाला काही सांगायला हवं.

मेलेल्या माणसाला पत्र लिहू नये, दुआ करावी, हे मला ठाऊक आहे. दुआ मी पाची वेळा करते.

पुस्तक काल संध्याकाळी मगरिबच्या नमाजआधी उघडलं. जिथे नमाजीने उभं राहिल्यावर हात कुठे बांधावेत तो मसला आहे, तिथलं पान बोटांनी मऊ झालेलं आहे. छापील उर्दू मला अडखळत वाचता येतं, पण कडेला तुम्ही पेन्सिलीने मराठीत लिहिलंय, शाळेतल्या फळ्यावर लिहायचात तसं गोल अक्षर. नाभीखाली, उजवा हात डाव्यावर: आपले इमाम. नाभीच्या वर, छातीच्या खाली: कोकणातले मुसलमान ज्यांच्या मागे चालतात ते इमाम. छातीवर: हदीसवाले. दोन्ही बाजूंना मोकळे सोडून: मदिनेच्या इमामांच्या मागे चालणारे. प्रत्येकाजवळ आपली रिवायत, पैगंबरांपासून चालत आलेला दाखला, आहे. बांधणं सुन्नत, म्हणजे पैगंबरांची रीत, फर्ज म्हणजे सक्ती नाही, नमाज चौघांचीही होते. आणि त्याखाली रेघ मारून: चारही दुरुस्त, वाद नको. मी ते दोनदा वाचलं. मग त्याच पानावर खालच्या ओळीत छापलेलं होतं ते वाचलं, ज्याच्या कडेला तुम्ही काहीच लिहिलं नव्हतं. आपल्या इमामांच्या मतात बायकांनी हात छातीवर बांधावेत.

अम्मा गेली तेव्हा मी चौदाची आणि धाकटा आठ वर्षांचा. तुमची शाळा सातपुड्याच्या पायथ्याला, सोमवारी पहाटे सायकलने जायचात ते शनिवारी दुपारी यायचात. जाताना मला सांगितलंत, याची नमाज पक्की करून घे, दहाचा व्हायच्या आत चुकायला नको. मी घेतली. चुलीजवळच्या मोकळ्या जागेत चटई टाकून त्याला डाव्या हाताला उभं करायची आणि म्हणायची, माझ्याकडे बघ, मी करते तसं कर. अम्माने मला असंच शिकवलं होतं. माझ्याकडे शिकवायला माझीच नमाज होती. हात कुठे, तर इथे. त्याची छाती एवढीशी, दोन हात ठेवले की भरून जायची. पुरुषाचे हात वेगळे असतात हे मला माहीत नव्हतं असं नाही. कधीतरी ऐकलं असेल. पण तुम्हाला नमाज पढताना मी नीट पाहिलंच नव्हतं. तुम्ही मशिदीत पढायचात.

मशिदीत तो जायला लागला तेव्हा पोरांच्या मागच्या रांगेत. सजद्यात, कपाळ जमिनीला टेकताना, मी शिकवल्यासारखी कोपरं अंगाशी धरून वाकला तर शेजारच्या पोरांची कोपरं त्याला लागायची, म्हणून सजदा तो त्यांच्याकडे बघून शिकला. हातांना कोणाचं काही लागत नाही. उभं राहिलेल्याची नजर खाली असावी, आणि तुम्ही तर पुढच्या रांगेत. अशी सात वर्षं गेली. पंधरा पुरे करून सोळाव्यात लागला, उंच झाला, आणि एका जुम्याला मोठ्यांच्या रांगेत उभा राहिला.

ते वर्षच वाईट होतं. बाजारच्या गावी काही लोकांनी वेगळी जमात धरली होती, भाड्याच्या खोलीत, हात छातीवर बांधणारे. आधी कोणी लक्ष दिलं नाही. मग आपल्या गावातली दोन घरं तिकडे जायला लागली, आणि एका सकाळी त्यातल्या एका घराच्या दाराला बाहेरून कडी घातलेली सापडली, आत माणसं असताना. कोणी घातली ते कोणी विचारलं नाही. तेव्हापासून मशिदीत लोक नमाज सुरू व्हायच्या आधी एकमेकांच्या हातांकडे बघून घ्यायचे. तुम्हीच जेवताना सांगितलं होतं, की रावेरला कोकणातला एक साहेब बदलून आला, तो हात नाभीच्या वर बांधतो, आणि मोठा अंमलदार म्हणून त्याला कोणी हूं की चूं म्हणत नाही. तुम्ही हसलात तेव्हा. मीही हसले. धाकटा ताटात बघत होता.

त्या जुम्यानंतरच्या शनिवारी तुम्ही शाळेच्या कामामुळे घरी आला नाहीत, आणि सोमवारी दूध आलं नाही. मंगळवारी शेजारच्या खालांनी माझा शिरखुर्म्याचा डबा धुऊन परत केला, आणि रिकामा. आपल्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत, दोन दाणे साखरेचे तरी टाकतात. मला काही कळेना. धाकट्याला विचारलं तर तो म्हणाला, काही नाही, आणि विहिरीवर निघून गेला. बुधवारी पाण्याला गेले तेव्हा बायका बोलायच्या थांबल्या. त्यातल्या एकीने जाता जाता सांगितलं, तुह्या भावाचं बघ बाई, आमचे मानसं काय ऐकायचे नाहीत. केळीच्या बागेतून वारा येत होता आणि फाटक्या पानांचा तो फडफड आवाज, रोज ऐकलेला, मला त्या दिवशी सहन होईना.

गुरुवारी तुम्ही आलात. गुरुवारी तुम्ही कधीच येत नव्हता. सायकल भिंतीला नीट टेकवली नाहीत, ती पडली आणि तुम्ही उचलली नाहीत. मी पाणी दिलं ते तसंच राहिलं. पंचांपैकी दोघं चालत शाळेपर्यंत आले होते, हे तुम्ही मला नाही, भिंतीला सांगितल्यासारखं सांगितलंत. त्यांनी आधी थट्टा केली होती, मास्तर, तुमच्या पोऱ्याले छातीत कळ येते का, धरून उभा राह्यतो. मग थट्टा संपली होती. मुलांसमोर, वर्गाच्या दारात उभं राहून त्यांनी तुम्हाला विचारलं होतं की तुमच्या घरात नमाज कोणाची चालते.

तुम्ही धाकट्याला हाक मारता. तो मागच्या दाराने येतो, हातपाय ओले. मी चुलीपुढे, भाकरी थापते आहे. तुम्ही म्हणता, नमाजची नियत बांध. तो तिथेच उभा राहतो, जिथे मी त्याला आठ वर्षांचा असताना उभं करायची, आणि हात खांद्यापर्यंत नेऊन छातीवर बांधतो. तुम्ही बघत राहता. मग विचारता:

"कोणी शिकवलं?"

तो माझ्याकडे बघतो. एकदाच. माझ्या हातातली भाकरी कडेला फाटते आणि मी ती पुन्हा गोळा करते. मला बोलायचं होतं, अब्बा. जीभ उचलली होती. पण त्याच्या डोळ्यांत जे होतं ते मला समजलं, आणि ते असं नव्हतं की सांग. ते असं होतं की सांगू नकोस. सोळा वर्षांचा मुलगा. गावाला कळलं असतं की मास्तरचा पोऱ्या सात वर्षं बायकांची नमाज पढत होता, तर रागावलं कोणी नसतं. हसले असते. पानाच्या टपरीवर, विहिरीवर, केळीच्या वखारीत, त्याचं लग्न होईपर्यंत आणि झाल्यावरही हसले असते, असं तेव्हा वाटलं. आठ दिवस हसून विषय संपला असता, हे आज मला कळतं. त्याला तेव्हा ते मरणाहून वाईट वाटलं. आणि मी? मला तुमची भीती वाटली, एवढंच नाही. मी मॅट्रिक झालेली, घर माझ्यावर टाकून तुम्ही निश्चिंत, लग्न ठरलेलं, जळगावचे लोक पुढच्या महिन्यात येणार. माझ्याकडून एवढी मोठी चूक झाली हे मला तुम्हाला दिसू द्यायचं नव्हतं.

"कोणी नाही," तो म्हणाला. "मला हेच बरोबर वाटतं."

तुम्ही त्याला एक रकात, नमाजचा एक फेरा, पुरी करायला लावली असती तर? छातीवर बांधणारे हदीसवाले रुकूत, म्हणजे कमरेत वाकायला, जाण्याआधी पुन्हा हात उचलतात, हे तुमच्या पुस्तकात आहे, चार पानं पुढे, तिथेही तुमची खूण आहे. तो उचलत नव्हता. मी उचलत नाही, म्हणून तोही नाही. तुम्ही इतके वाचलेले, तुम्ही फक्त हात पाहिलेत. तुम्ही म्हणालात, हात खाली घे. तो हलला नाही. तुम्ही पुन्हा म्हणालात, आवाज न चढवता, जसा वर्गात तुम्ही शेवटची ताकीद द्यायचात:

"हात खाली घे, नाहीतर या घरात राहू नकोस."

चारही दुरुस्त असं पेन्सिलीने लिहिणारा माणूस हे म्हणाला. ते तुम्ही आधी लिहिलं होतं की नंतर, मला कळायला मार्ग नाही. खाली तारीख नाही. तुम्ही जमाखर्चाला तारीख घालायचात, मला तीच सवय लागली, आणि या एका ठिकाणी तारीख नाही.

शुक्रवारी सकाळच्या गाडीने तो धुळ्याला गेला. मी त्याला चार भाकऱ्या आणि ठेचा बांधून दिला आणि साखरेच्या डब्यातले सात रुपये. तुम्ही ओसरीवर बसला होता. तो तुमच्यासमोरून गेला, सलाम केला, तुम्ही ओठांतल्या ओठांत उत्तर दिलंत. धुळ्यात त्याला कोणी ओळखीचं नव्हतं. पहिल्या दिवशी ज्या मशिदीत शिरला तिथे हात नाभीखाली, एकाने टोकलं. दुसरीत सगळे छातीवर बांधून उभे. तिथे त्याला कोणी काही विचारलं नाही, जेवायला नेलं, कारखान्यात लावून दिलं. त्याने मला नंतर लिहिलं, इथले लोक चांगले आहेत आपा, त्यांना वाटतं मी अभ्यास करून इकडे आलो. पुढे त्याने खरंच अभ्यास केला आणि खरंच त्यांच्यातला झाला. मी त्यात वाईट म्हणत नाही. फक्त एवढंच, की माझ्या चुकीवर त्याने आयुष्य बांधलं, आणि ते उभं राहिलं.

तुम्ही चार वर्षं एकटे राहिलात. मी माहेरी यायचे तेव्हा दर वेळी ठरवून यायचे की यंदा सांगायचं. एस.टी. भुसावळ सोडेपर्यंत पहिलं वाक्य तयार असायचं. घरी आले की तुम्ही विचारायचात, प्रवास ठीक झाला का, पोरांना खोकला आहे का. धाकट्याचं नाव तुम्ही कधी काढलं नाहीत. एकदा दुपार कलताना असरच्या वेळी मी चुलीजवळ त्याच जागेवर पढत होते, नमाज संपवून सलाम फेरला तर तुम्ही दारात उभे. किती वेळ उभे होता मला माहीत नाही. माझ्या हातांकडे बघत होता की पलीकडे फडताळाकडे, तेही नाही. तसेच बाहेर गेलात. त्या रात्री तुम्ही जेवला नाहीत, पोट बरं नाही म्हणालात. मी पुन्हा आले ती तुमची मय्यत शाळेतून खाटेवर आणल्यानंतरच.

धाकटा जनाज्याला पोहोचला. धुळ्याहून रात्रभर ट्रकवर बसून आला. मैदानात नमाज उभी राहिली तेव्हा, माझे मिस्टर सांगतात, लोकांनी तुमच्याकडे पाहिलं नाही, त्याच्याकडे पाहिलं, की हा हात कुठे ठेवतो. तो शेवटच्या रांगेच्या टोकाला उभा होता. अल्लाहु अकबरची तकबीर झाली, त्याने हात उचलले आणि दोन्ही बाजूंना तसेच खाली सोडून दिले. कोणाच्या बाजूने नको आणि कोणाच्या विरुद्ध नको, अशा वेळी त्याला दुसरं काही सुचलं नाही. पंच नंतर म्हणाले, याला तर आता काहीच येत नाही. तेही एका इमामांच्या मागे चालणाऱ्यांचं मत आहे हे त्या मैदानात फक्त तुम्हाला माहीत होतं.

लोक गेल्यावर तो मागच्या दाराने स्वयंपाकघरात आला. डोळे सुजलेले. पाणी प्यायला आणि उभ्यानेच विचारलं:

"आपा, तू अब्बांना सांगितलंस का?"

मी म्हणाले, "हो."

"काय म्हणाले?"

"हसले."

मला माहीत नाही हे तोंडातून कसं गेलं. दुसरं काहीही सांगता आलं असतं. रडले, गप्प बसले, माफ केलं म्हणाले. पण मला तुमचं ते जेवतानाचं हसणं आठवलं, कोकणातल्या साहेबावरचं, आणि तेच मी त्याला दिलं. तो खाली बसला. चार वर्षांत पहिल्यांदा मी त्याचा चेहरा सैल झालेला पाहिला. म्हणाला, हसले का, आणि स्वतःही थोडा हसला, आणि मग पोटभर रडला. तेव्हापासून तो दर ईदला जळगावला येतो, माझ्या पोरांना कपडे आणतो, तुमच्या नावाने कुरआन पढतो, आणि दर वेळी कधीतरी म्हणतो, बरं झालं आपा तू सांगितलंस. मी म्हणते, जेव आता.

आता त्याची चिठ्ठी. लिहितो, मी तेहतीस वर्षांचा झालो, दोन पोरांचा बाप, आता हसायचं त्यांनी हसून घ्यावं. आई नसलेल्या पोराला बहिणीने तिला येत होती ती नमाज शिकवली, हे सांगेन. आज मी छातीवर बांधतो ते समजून बांधतो, हेही सांगेन. आणि अब्बांना सगळं कळलं होतं, ते हसले होते, त्यांच्या मनात माझ्याबद्दल काही राहिलं नव्हतं, हे मशिदीत उभा राहून सांगेन, म्हणजे पुन्हा कोणी विचारणार नाही.

मशिदीत उभा राहून. अल्लाच्या घरात, भरल्या रांगांपुढे, माझं खोटं तो खरं समजून बोलणार. त्याला पाप नाही, तो जाणत नाही. मी जाणते. उद्या सकाळी दोन ओळींचं कार्ड टाकलं तर गुरुवारी त्याला मिळेल. पण मिळालं तर काय होईल तेही मला दिसतं. तो शुक्रवारी उभा राहणार नाही. गावच्या घरातून पेटी गेली, आता माणूसही परत धुळ्याला जाईल, आणि तेरा वर्षं ज्या एका गोष्टीच्या आधाराने त्याने तुमची आठवण काढली ती गोष्ट मी काढून घेतलेली असेल. आणि नाही टाकलं, तर कयामतच्या दिवशी माझ्या या हातांना विचारलं जाईल. कालपासून दर नमाजला ते छातीवर ठेवते तेव्हा खालून धडधड हाताला लागते. इतक्या वर्षांत कधी लागली नव्हती. तुमच्या पुस्तकात हात कुठे ठेवावेत याची चार मतं आहेत, शेवटपर्यंत चाळलं, पण बहिणीने भावाला दिलेल्या अशा शब्दाचं काय करावं त्यावर एकही नाही.

म्हणून आधी तुम्हाला सांगते. त्याला मी शिकवलं, अब्बा. चुलीजवळ, माझ्या डाव्या हाताला उभं करून. तो कोणाकडे गेला नव्हता, त्याने तुमच्याविरुद्ध काही केलं नव्हतं. त्याने तेव्हा तोंड उघडलं नाही ते लाजेने, आणि मी उघडलं नाही ते तुमच्या मनातली माझी किंमत कमी होऊ नये म्हणून. आता निदान 'अब्बांना सांगितलं' एवढं तरी खरं झालं. उशिरा झालं, पण शुक्रवारच्या आत झालं.

हसलात का, हे तेवढं माझ्या हातात नाही. कागद दुमडून पुस्तकात ठेवते आहे, याला तिकीट लावायचं नाही. कार्ड मात्र पत्ता घालून कोरं समोर आहे, आणि उद्याचं टपाल सकाळी नऊला निघतं. हे ऐकून तुम्ही हसला असता की नाही, एवढंच उलट टपाली कळवा.